तिसऱ्या रविवारचा डाव

"हॉलचं मी मिटवून आलोय," उपेंद्रने दारातूनच जाहीर केलं आणि ओला कोट खुंटी सोडून खुर्चीवर टाकला.

माधवी रवा भाजत होती. तिने मान वर केली नाही. उपेंद्र काहीही 'मिटवून' आला की पुढे ते तिलाच निस्तरावं लागायचं. मागे त्याने शेजाऱ्याशी कुंपणाचं असंच मिटवलं होतं. तेव्हापासून शेजाऱ्याच्या बाजूचं गवतही हेच कापत होते.

"म्हणजे हॉल आपला झाला?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय?"

"म्हणजे आता फक्त जिंकायचाय."

उलथनं थांबलं. रवा तांबूस होऊन करपायच्या बेतात आला, तेव्हा कुठे माधवीने गॅस बंद केला. "उपेंद्र, नीट सांग. कुणाकडून जिंकायचाय आणि कशात?"

"डर्मटकडून. पोकरमध्ये," तो म्हणाला आणि ओट्यावरचा बेदाणा तोंडात टाकला.

त्याचं असं झालं होतं. आयर्लंडातल्या डंडॉकच्या मराठी मंडळींना महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी गावातला जुना सार्वजनिक हॉल मिळायचा. हॉल कसला, एक लांबट खोली. एका टोकाला लाकडी स्टेज, दुसऱ्या टोकाला चहाची किटली, आणि स्टेजमागच्या भिंतीवर एकच खिळा. दुसरा ठोकायला हॉल सांभाळणारी बर्नाडेट परवानगी द्यायची नाही. भिंत म्हणे तिच्या आजोबांच्या वेळची होती. त्या एकुलत्या एका खिळ्यावर माधवीने रामपंचायतनाची तसबीर टांगली होती आणि तिच्या साक्षीने गेलं वर्षभर कीर्तनं चालली होती.

कीर्तन करायची भार्गवी. वय लहान, इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये डेटाचं काहीतरी शिकायला आलेली. पण आई पुण्याची नावाजलेली कीर्तनकार, त्यामुळे ही मुलगी बोलायला लागली ती चिपळ्यांच्या तालात. नऊवारीच्या आत थर्मल घालून ती उभी राहायची, गळ्यात हार पडायचा, आणि पहिला नामगजर सुरू झाला की माधवीला आपण आयर्लंडात आहोत याचा पार विसर पडायचा. आठवडाभर मीटिंगांतून वाळून गेलेला जीव त्या दोन तासांत ओला व्हायचा. एरवी माणसं भेटली की घरांचे हप्ते आणि व्हिसाचे फॉर्म यापलीकडे जात नसत. तीच माणसं आख्यान रंगलं की एकमेकांपासून तोंड लपवून डोळे पुसायची. हे सगळं त्या हॉलवर उभं होतं. घरात करावं तर भिंती पुठ्ठ्याच्या, आणि झांजेला शेजारी पोलिसच बोलावतील.

आणि आता नव्या वर्षासाठी तोच रविवार, तीच वेळ डर्मटने मागितली होती. डर्मट हा निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. गाडी शिकवणं बंद केल्यावर त्याने 'नवशिक्यांसाठी कॅसिनो पोकर' असा वर्ग काढला होता. बर्नाडेट डर्मटला नाही म्हणू शकत नव्हती आणि माधवीलाही. इकडे कोणीच कोणाला सरळ नाही म्हणत नाही. "वुई'ल सी," म्हणतात, "इट'ल बी ग्रँड," म्हणतात, आणि 'ग्रँड' म्हणजे नुसतं 'बरं' की 'छान', हे मग ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

"तर मी आणि तो बर्नाडेटसमोर बसलो होतो," उपेंद्र सांगत होता. "तो हसत म्हणाला, पुढच्या तिसऱ्या रविवारी माझ्या वर्गाची स्पर्धा आहे. तुझ्या मंडळातर्फे तू खेळ. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चिप्स, त्याला हॉल. पैसे नाहीत हं, नुसत्या प्लॅस्टिकच्या चिप्स. बर्नाडेट तर सुटल्यासारखी टाळ्याच वाजवायला लागली."

"आणि तू?"

"मी काय म्हणणार? ग्रँड म्हणालो."

"अरे, पण कीर्तनाचा हॉल जुगारात लावून आलास तू! लाज नाही वाटली?"

"जुगार नाही गं. स्किल गेम आहे तो. आणि मी ऑफिसात दिवसभर काय करतो? रिस्क! लोकांचे फसवे व्यवहार मी पकडतो. डर्मट काय चीज आहे?"

माधवीने त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. गेल्याच महिन्यात या रिस्कवाल्याने लॉटरी लागल्याच्या मेसेजवर आपला घरचा पत्ता टाइप केला होता. "आणि तू कधी खेळलायस पोकर?"

"म्हणून तर! नवशिक्यांचीच स्पर्धा आहे."

"मग मास्तर कसा खेळतो त्यात?"

"तो म्हणतो, मीसुद्धा अजून शिकतोच आहे."

झालं. त्या दिवसापासून घरात विद्याभ्यास सुरू झाला. ज्या माणसाने मुंजीतली संध्या आठ दिवसांत सोडली, तो सकाळी उठून पोकरचे व्हिडिओ बघायला लागला. गॉगल आला. हुड असलेला काळा सदरा आला. चिप्स नव्हत्या, म्हणून पूजेच्या डब्यातल्या सुपाऱ्या, हळकुंडं आणि बदाम टेबलावर आले. माधवीने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"सत्यनारायणाच्या सुपाऱ्या आहेत त्या!"

"त्यांनाही जरा एक्सपोजर मिळू दे. बस ना, कोणी समोर असल्याशिवाय प्रॅक्टिस होत नाही."

हॉलचा प्रश्न होता म्हणून ती बसली. पण नाक मुरडून, खुर्चीच्या कडेवर, एखाद्या अपवित्र जागी टेकावं तशी. उपेंद्रने मोठ्या तोऱ्यात पत्ते वाटले. "हे दोन तुझे. कोणाला दाखवायचे नाहीत. आता मधे एकेक करून पाच उघडे पत्ते येणार. ते सगळ्यांचे. तुझे दोन आणि सगळ्यांचे पाच, यातून सगळ्यात भारी पाच जुळवायचे. दर वेळी चिप्स पुढे सरकवायच्या, नाहीतर पत्ते टाकून बाहेर."

"पाच पत्ते सगळ्यांचे आहेत तर मग भांडता कशाला?"

"अगं, भांडण त्या दोनांवर."

"म्हणजे भावकीच झाली."

पहिल्याच डावात मधले पाचही पत्ते उघडल्यावर उपेंद्रने सवयीने ते गोळा करून स्वतःच्या बाजूला पालथे ठेवले. दर दिवाळीत काकांच्या घरी मेंढीकोट खेळून त्याचा हात तसाच वळला होता: जिंकला की हात उचलायचा. दुसऱ्या डावात त्याने पत्ता असा काही आपटला की हळकुंडं फ्रिजखाली गेली. तिसऱ्या डावात तो माधवीला डोळ्यांनी खुणा करायला लागला.

"काय आहे?"

"बदामाचं काही आहे का, विचारतोय."

"मी तुझी भिडू नाही, उपेंद्र. मी तुझी शत्रू आहे."

"अरे हो," तो म्हणाला आणि खरंच जरा हिरमुसला.

पण सगळ्यात मोठं संकट होतं ते चेहऱ्याचं. पोकरमध्ये म्हणे तोंडावरची रेघ हलता कामा नये. उपेंद्र जेवताना तोंड दगडासारखं करून बसायला लागला. आमटी खारट झालीय का, विचारलं तरी रेघ हलेना. श्रावणी, त्यांची बारा वर्षांची मुलगी, मराठी सगळं समजायची आणि उत्तर इथल्याच हेलात द्यायची. तिने एकदा बापाकडे निरखून पाहिलं. "मम, इज ही ओके? ही लुक्स लाइक ही नीड्स द टॉयलेट."

"बघ," उपेंद्र ओठ न हलवता म्हणाला, "काही कळत नाही ना?"

चेहऱ्यावरून कळत नव्हतं हे खरं. पण माधवीला त्याच्या चेहऱ्याकडे बघायची गरजच नव्हती. उपेंद्र मंडळाचा तबलजी. दोन चांगले पत्ते हातात आले की त्याच्या उजव्या हाताची बोटं टेबलावर आपोआप धुमाळी वाजवायला लागायची. धुमाळीच, कीर्तनातल्या गजराची. पत्ते रद्दी असले की बोटं मेल्यासारखी पडून राहायची.

"तुझी बोटं वाजतात," तिने सांगितलं.

"छे! मी पूर्ण कंट्रोलमध्ये असतो."

"वाजतात, उपेंद्र. आत्ताही तुझ्याकडे राजाची जोडी आहे."

त्याने पत्ते उघडे टाकले. राजाचीच जोडी होती. मग दोन दिवस तो हातांवर बसून खेळला; पण हातांवर बसल्यावर पत्ते कोण धरणार? शेवटी त्याने त्या गोष्टीकडे तज्ज्ञ माणसाच्या थाटात दुर्लक्ष केलं. माधवीने देवापुढे हात टेकले. "तुझा हॉल, तू बघ," ती देव्हाऱ्यातल्या रामाला म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या भरवशावर राहू नकोस."

रविवार उजाडला. बर्नाडेटने आपल्या मनमिळाऊ स्वभावानुसार कीर्तनही त्याच दुपारी ठेवलं होतं आणि स्पर्धाही. आधी कीर्तन, मग पत्ते, मधे वेळच वेळ. हे गणित तिला मराठी माणसांचं घड्याळ अजून न कळल्यामुळे सुचलं. डब्लिनकडची चार कुटुंबं डून लेरी या उपनगरातून आधी शहरात, मग तिथून आगगाडीने येणार होती. ती पोचेपर्यंत सुरुवात करायची नाही असं ठरलं. ती पोचली तेव्हा त्यांना चहा हवा होता. भार्गवी पूर्वरंगाला उभी राहिली तेव्हा तो संपायची वेळ झाली होती, आणि तिला बुक्का लागून हार पडला तेव्हा हॉलच्या दारात डर्मट आपल्या वर्गासह हिरव्या कापडाची गुंडाळी घेऊन उभा होता.

बर्नाडेटने हात चोळले. डर्मट टोपी काढून कुजबुजला, "नो बॉदर. आम्ही मागे हळूच सुरू करतो." आणि त्या भल्या माणसांनी चवड्यांवर चालत मागच्या टोकाला टेबल मांडलं, हिरवं कापड अंथरलं, रंगीत चिप्सच्या राशी लावल्या. उपेंद्र तबल्यावरून उठला, काळा सदरा चढवला, गॉगल लावला आणि तिकडे निघाला. तबला आता भार्गवीच्या फोनमधून वाजू लागला. माधवीने झांज उचलली आणि नवऱ्याच्या पाठीकडे असं काही पाहिलं की पेटीवाल्याचा सूर चुकला.

आता योग असा की भार्गवीने त्या दिवशी आख्यान लावलं होतं ते द्यूतात राज्य घालवणाऱ्या राजाचं. मुद्दाम नव्हे, महिनाभर आधी ठरलेलं. तिने फासे खुळखुळवल्याचा आवाज चिपळ्यांवर काढला आणि मागच्या टेबलावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. भाषा कोणाला कळत नव्हती. पण हा गृहस्थ आपलं सर्वस्व घालवतोय, हे त्यांना चालीवरूनच समजलं.

माधवीचं एक ध्यान आख्यानात, एक मागच्या टेबलाकडे. डर्मट पत्ते वाटण्याआधी बोट वर करून सगळ्यांना नियम सांगत होता. त्याचा आवाज ड्रायव्हिंग मास्तरचा. कुजबुजला तरी स्टेजपर्यंत पोचायचा. उपेंद्रच्या हातून पहिल्याच फेरीत दोन चिप्स घरंगळून पुढे गेल्या. त्याने त्या परत ओढायला हात घातला, तशी डर्मटने त्याच्या मनगटावर हलकेच टिचकी मारली. "नाही, मित्रा. हातातून सुटलेली चिप परत घेता येत नाही. गेली ती गेली. हा पहिला आणि शेवटचा नियम."

"सॉरी, सॉरी," उपेंद्र म्हणाला, आणि चेहऱ्याची रेघ पुन्हा दगडात गेली.

आणि मग काय आश्चर्य, गडी जिंकायला लागला. एक रास त्याच्याकडे सरकली, दुसरी सरकली. माधवीला आधी कळेना. मग उलगडलं. कीर्तनात गजर चालू होता आणि उपेंद्रची बोटं सलग वाजत होती. चांगले पत्ते आले तरी धुमाळी, रद्दी आले तरी धुमाळी. ताल चालू असताना त्याची बोटं गप्प बसणं शक्यच नव्हतं! डर्मट त्याच्याकडे टक लावून बघत होता आणि त्याला काहीएक पत्ता लागत नव्हता. एकेक जण पत्ते टाकून उठायला लागला. उठला की खुर्ची उचलून कीर्तनाच्या बाजूला येऊन बसायचा. शेवटी टेबलावर तिघंच उरले: डर्मट, मॉरीन नावाची निवृत्त नर्स, आणि गॉगलातला उपेंद्र.

माधवीला उगाच वाटून गेलं की तसबिरीतल्या रामरायानेच ही युक्ती काढली असावी. लगेच तिने मनातल्या मनात कान पकडले. देव कशाला असल्या गोष्टीत लक्ष घालेल? तरी झांज जरा जोरात वाजायला लागली.

आणि इथेच भार्गवी थांबली.

आख्यानाचा सगळ्यात कातर क्षण. राजाजवळ लावायला काही उरलेलं नाही, आणि तरी त्याचा हात पुढे सरकतोय. भार्गवीने पेटीवाल्याला खूण केली, फोनमधला तबला बंद केला, हात हवेत तसाच धरला आणि डोळे मिटले. हॉलमध्ये चिडीचूप. टाचणी पडली तर ऐकू आली असती.

टाचणीऐवजी धुमाळी ऐकू आली.

सगळ्या हॉलने मागे वळून पाहिलं. उपेंद्रचा चेहरा पाषाणाचा, गॉगल काळाकुट्ट, आणि उजव्या हाताची बोटं हिरव्या कापडावर मनसोक्त नाचत होती. डर्मटने बोटांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे. मग पुन्हा बोटांकडे. त्याच्या तोंडावर हळूहळू एक रुंद, समाधानी हसू पसरलं, आणि त्याने आपले पत्ते अलगद टाकून दिले. मॉरीननेही टाकले. उपेंद्रकडे तीन राजे जुळले होते. त्या तीन राजांनी त्याला सुपारीएवढंही मिळवून दिलं नाही.

"गेला," माधवी पुटपुटली. "गेला हॉल."

त्यानंतरचं बघवत नव्हतं. आख्यान शेवटाकडे उतरत होतं, गजर कमी, करुण रस जास्त. ताल थांबायचा तेव्हा डर्मट नुसता बोटांवर नजर ठेवायचा. बोटं वाजली की पत्ते टाकायचा. बोटं मेली की चिप्स ढकलायचा. इकडे राजा हरत होता, तिकडे उपेंद्र. राजाला निदान समोरचा कपटी आहे हे तरी ठाऊक होतं. उपेंद्र दर हरलेल्या डावाला मान डोलावत होता, जणू हे सगळं त्याच्या योजनेतच होतं. माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, आख्यानामुळे. अर्धं आख्यानामुळे होतंही. पुढच्या महिन्यापासून या मुलीने कुठे उभं राहायचं? आपल्या बैठकीच्या खोलीत, सोफा आणि टीव्हीच्या मधे?

कथा संपली, राजाला वनातून घरचा रस्ता सापडला, आणि भार्गवीने आरतीला हात जोडले. निरांजन लागलं. घंटा वाजली. सगळे उठून उभे राहिले. मागच्या टेबलावरचे तिघेही उभे राहिले, कारण घंटा वाजली की उठायचं, हे त्यांच्या देवळातही होतंच. डर्मटने नुकतेच नवे पत्ते वाटले होते. त्याची रास मोठी, मॉरीनची बरी, आणि उपेंद्रपुढे उष्ट्यासारख्या थोड्याशा चिप्स. हा डाव शेवटचा, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

आरती संपली. माधवीने तबक उचललं. मंडळाचा शिरस्ता असा की तबक छपराखालच्या प्रत्येकापुढे जायचं. आपला असो, परका असो, कोणालाही वगळायचं नाही. ती ओळीने सगळ्यांपुढून गेली. लोक ज्योतीवर हात फिरवून डोळ्यांना लावत होते, तबकात नाणं टाकत होते. मग ती मागे वळली. जुगाराच्या टेबलाकडे निरांजन न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण देव काही टेबलं निवडत नाही, मग आपण कोण निवडणार? ओठ घट्ट मिटून ती आधी नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

उपेंद्रने गॉगल वर केला, आरती घेतली आणि सवयीने खिशाकडे हात नेला. नव्या सदऱ्याला खिसाच नव्हता. पाकीट कोटात, कोट दारापाशी. तबक समोर, तबकातली ज्योत समोर, ज्योतीमागे बायकोचा चेहरा. काही न टाकता तबक पुढे जाऊ देणं हे त्याच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. त्याने टेबलावर हात फिरवला, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चिप्स मुठीत गोळा केल्या आणि तबकात सोडल्या.

"अरे!" माधवी दबक्या आवाजात म्हणाली.

"नाहीतरी जाणारच होत्या," तो तिच्याइतकंच हळू म्हणाला. "डर्मटपेक्षा देवाला गेलेल्या बऱ्या."

इतक्या वर्षांत नवऱ्याचं एवढं शहाणपणाचं वाक्य तिने ऐकलं नव्हतं. ती तशीच मॉरीनकडे वळली. मॉरीनने सगळं नीट पाहिलं होतं: आधी ज्योतीवर हात, मग चिप्स. लहानपणापासून दर रविवारी चर्चमध्ये तिच्यापुढून दानाची टोपली फिरली होती आणि तिने ती कधी रिकामी जाऊ दिली नव्हती. तिने छातीवर क्रूस काढला, ज्योतीवर हात फिरवला आणि आपली रास दोन्ही हातांनी तबकात ओतली. "गॉड ब्लेस, लव्ह. तुमचं गाणं सुंदर होतं हं."

उरला डर्मट. आता टेबलावर फक्त त्याच्याच चिप्स उरल्या होत्या, हे त्याला कळत होतं. त्याने गालातल्या गालात हसून एक चिप उचलली आणि शिष्टाचार म्हणून तबकात टाकली. टाकली, आणि माधवी हलेना.

ती का हलेना? तर त्याने आरती घेतली नव्हती. ज्योतीवर हात फिरवल्याशिवाय पुढे कसं जायचं? आलेल्या माणसाला आरती न देता वळलं तर तो अपमान, तिच्याकडून झालेला. म्हणून ती तबक पुढे धरून उभी राहिली आणि हनुवटीने ज्योतीकडे खूण केली.

डर्मटला वाटलं, एक कमी पडली.

त्याने आणखी दोन टाकल्या. माधवी उभीच. तिने तबक जरा पुढे सरकवलं आणि मायेने म्हणाली, "घ्या ना. संकोच करू नका." हे तिने मराठीत म्हटलं. डर्मटने मूठभर टाकल्या. ती तशीच. आता सगळा हॉल बघत होता. त्याचे विद्यार्थी बघत होते, बर्नाडेट बघत होती, आणि भिंतीवरून पाच-सहा देव एकदम बघत होते. रविवार, जळती ज्योत, हातात तबक घेऊन थांबलेली बाई: डर्मटच्या आईने त्याला ज्या शिकवणुकीत वाढवलं होतं, ती साठ वर्षांनी पाठीत दणका घालून जागी झाली. त्याचे कान लाल झाले. त्याने दोन्ही तळव्यांनी आपली सगळी रास पुढे लोटली. तबकात चिप्सचा डोंगर झाला. ओंजळ ओतताना त्याचे हात ज्योतीवरून गेले, ऊब लागली, तसे त्याने ते चटकन मागे घेतले आणि घाम पुसायला तोंडावरून फिरवले.

आरती घेतली गेली. माधवीने समाधानाने मान डोलावली आणि वळली.

"थांबा," डर्मट म्हणाला. "एक मिनिट. माझ्या चिप्स..."

मॉरीन आपल्या नर्सच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हातातून सुटलेली चिप परत घेता येत नाही, डर्मट. पहिला आणि शेवटचा नियम. वर्षभर आमची डोकी खाल्लीस त्यावरून."

डर्मटने बर्नाडेटकडे पाहिलं. बर्नाडेटला आयुष्यात प्रथमच कोणाला नाही न म्हणता निकाल देण्याची संधी मिळाली होती; ती तिने दोन्ही हातांनी घेतली. "ज्याच्याकडे सगळ्यात जास्त चिप्स, तो जिंकला, असंच ठरलं होतं ना? चिप्स तर तिच्या ताटात आहेत. ग्रँड!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मॉरीनची शिट्टी सगळ्यांच्या वर. उपेंद्रने गॉगल काढून सगळ्यांना विजयी नजरेने पाहिलं. "मी म्हटलं नव्हतं? रिस्क! शेवटच्या क्षणी सगळं योग्य जागी लावायचं असतं."

"गप्प बस," माधवी म्हणाली. तबकात निरांजनाला टेकलेली एक लाल चिप वितळून वाकडी झाली होती आणि कापराच्या वासात प्लॅस्टिकचा वास मिसळला होता. "भार्गवी, हे नको गं. पत्त्यांत मिळालेलं देवाला कसं चालेल?"

भार्गवीने गळ्यातला हार काढून तसबिरीला घातला. "पत्त्यांत कुठे मिळालंय, माधवीताई? आरतीत मिळालंय. लोकांनी आपल्या हाताने वाहिलंय."

माधवीने तबक तसबिरीपुढे ठेवलं. पण डर्मट हिरवं कापड गुंडाळत होता, आणि इतका हळू की घडीवर घडी पडत होती, ते तिच्याच्याने बघवेना. वर्गात येणारी माणसं तरी कोण? जोडीदार गेलेली, मुलं ऑस्ट्रेलियात असलेली, घरी गेल्यावर रेडिओशी बोलणारी. त्यांना काय कोणी जुगारी म्हणेल? आठ दिवस तिने म्हटलं होतं, ते वेगळं. तिने शिऱ्याची वाटी त्याच्या हातात ठेवली. "आमचं झालं की तुम्ही बसा. दर महिन्याला. फक्त आमचं केव्हा संपेल, ते विचारू नका."

"ते मी आज पाहिलं," डर्मट म्हणाला आणि पहिल्याच घासाला थांबला. "जीझस, हे काय आहे?"

"रवा," माधवी म्हणाली. "आणि तूप."

सगळं गोड झालं, असं म्हणून ती घरी आली. पण पुढच्या तिसऱ्या रविवारी फुलं घेऊन ती स्टेजवर चढली आणि जागीच खिळली. स्पर्धेच्या विजेत्याचं नाव हॉलमध्ये वर्षभर लावायचं, असा डर्मटच्या वर्गाने यंदापासून दंडक घातला होता, आणि बर्नाडेटने तो मोठ्या कौतुकाने पाळला होता. चकचकीत लाकडी पाटी, चार कोपऱ्यांत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत: नवशिक्यांची पोकर विजेती, माधवी. भिंतीला खिळा एकच. त्यामुळे पाटी खिळ्यावर गेली होती आणि रामपंचायतन अगदी तिच्या खाली, टेबलावर टेकवून ठेवलं होतं.

"बर्नाडेट, ही पाटी जरा..." माधवीने सुरुवात केली.

"सुंदर दिसते ना?" बर्नाडेट डोळे भरून म्हणाली. "मी स्वतः पॉलिश केलीय."

माधवी इकडे बऱ्याच वर्षांपासून राहत होती. तिनेही सरळ नाही म्हटलं नाही. "ग्रँड," ती म्हणाली.

तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारी डंडॉकचे, डब्लिनचे, कधी किलकेनीचेही भाविक येतात, स्टेजपुढे उभे राहतात, नजर वर करून पाटी वाचतात, मग खाली वाकून मनोभावे नमस्कार करतात. डर्मट आणि मॉरीनही करतात. तो नमस्कार नक्की कोणाला, हे विचारायचं धाडस माधवीला अजून झालेलं नाही. ती नुसती झांज हातात घेऊन बाजूला उभी असते. चेहऱ्यावरची एकही रेघ हलू देत नाही.